तानाबाई आणि बारीक अक्षर

समुद्रपूरजवळच्या मळ्यात वांगी पिकवणाऱ्या तानाबाईंचा बारीक अक्षरावर काडीचाही विश्वास नव्हता. लपवायचं असतं तेच माणूस बारीक लिहितो, हे त्यांचं ठाम मत. बियाण्याच्या पुडक्यावरची तारीखसुद्धा त्या दोन माणसांकडून वाचून घेत. पहिल्याला कळू न देता दुसऱ्याला विचारायचं आणि दोघांचं जुळलं तरच पुडकं फोडायचं. सगळं गाव या परीक्षेला वैतागलं होतं, पण बाई बधल्या तर शपथ!

भाजीवाल्यांच्या गटाने वेबसाइट काढली तेव्हा तर त्यांच्या डोक्यात संशयाचा किडाच शिरला. हायवेवरच्या जाम गावातल्या हॉटेलवाल्यांनी रोज कोणाची कोणती भाजी मागितली आणि कोणाचा माल मिळाला, ते त्या पानावर येई. नजर अधू झाल्यापासून तानाबाईंनी फोनमधलं अक्षर हरभऱ्याएवढं करून घेतलं होतं. बाकी सगळं मोठं दिसे, हे पान तेवढं मुंग्यांच्या रांगेसारखं. बोटांनी ताणावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर पळे. पान बनवणाऱ्या पोरीनेच काहीतरी दडवलंय, यात त्यांना शंकाच उरली नाही.

पान वाचून दाखवी त्यांच्या भावाचा मुलगा भूपेंद्र. गटाचा माल गाडीतून जामला तोच पोचवी, आणि वांगी त्याच्याही शेतात होती. आठ दिवस तो एकच सांगत होता, "आत्या, तुह्या वांग्याले आज मागणी नाई." टोपलीतली वांगी सुकत होती आणि तानाबाईंचा जीव तुटत होता. चाळीस वर्षांत त्यांच्या काटेरी वांग्याला कोणी नको म्हटलं नव्हतं. आता मळाच मोडावा, इथपर्यंत त्या आल्या होत्या. भूपेंद्रचं वाचणं मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाकडून कधी तपासून घेतलं नाही. घरचं पोर ते!

शेवटी त्यांनी पान बनवणाऱ्या नंदिनीलाच पुलगावहून बोलावून घेतलं.

"काऊन वं पोरी, एवढं बारीक काऊन लिवलं? काय लपवून राह्यली?"

नंदिनी फोन बघून ओशाळली. "काकू, चूक माहीच हाय. अक्षराचं माप मी पक्कं ठोकून ठेवलं होतं. आता ते तुमच्या फोनच्या अक्षराच्या पटीत देते. तुम्ही फोनात अक्षर मोठं केलं का पान बी तेवढंच मोठं होईन, अन् ओळ बी तुटणार नाई."

"पह्यले करून दाखव."

नंदिनीने खाटेवरच लॅपटॉप उघडला. घटकाभराने तानाबाईंच्या फोनवर तेच पान आलं. अक्षरं टपोरी, लांब ओळी आपसूक खाली सरकलेल्या. त्या बोट ठेवून वाचू लागल्या. 'तानाबाईंची काटेरी वांगी, दहा किलो. माल मिळाला.' काल. परवा. त्याच्या आधीही. आठही दिवस.

मिळाला? त्यांच्या टोपलीतलं एक वांगं हललं नव्हतं. त्यांच्या नावावर कोणाची वांगी गेली, हे विचारायची गरजच नव्हती. परक्या पोरीवर उगाच संशय घेतला याची त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त राग आला.

तेवढ्यात गाडी दारात थांबली. भूपेंद्र नेहमीसारखा आत आला. "आत्या, आज बी मागणी नाई."

"असं? पुन्हा एक डाव वाच बरं," म्हणत त्यांनी फोन त्याच्या हातात दिला.

खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नंदिनीलाही ती ओळ स्पष्ट दिसत होती. भूपेंद्रने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"दिसत नाई आत्या," तो म्हणाला. "अक्षर लय बारीक हाय."