गुणाजीचा तुळतुळीत बांध

गुणाजीला घड्याळ लागत नाही. तिथी ऐकली की खाडीचं पाणी कधी चढेल आणि कधी फिरेल, हे त्याला समजतं. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली आहे. मध्ये मातीचा बांध आणि बांधाच्या पोटात लाकडी दार. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडून शेतातलं जादा पाणी सोडायचं, भरतीला लावून खारं पाणी अडवायचं. एकतीस वर्षं हे दार गुणाजीच्या हाती आहे.

दारापेक्षा त्याला अभिमान होता तो दाराजवळच्या बांधाचा. नुकत्याच केलेल्या दाढीसारखा तुळतुळीत. खाडीच्या अंगाला तिवराचा, म्हणजे खारफुटीचा, कोंब दिसला की उपटला. तिवराची मुळं माती सैल करतात, मुळांत चिंबोऱ्या बिळं करतात, असं त्याला बापाने शिकवलं होतं आणि बापाला आजाने.

मग चौदा गावांची मिळून योजना आली. खाडीच्या मुखापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत बांधाबाहेरचा सगळा पट्टा तिवरांना सोडायचा. तोडायचं नाही, उपटायचं नाही. बदल्यात गावच्या बायकांना चिंबोऱ्या पाळायला खाडीत जागा आणि बांधाच्या डागडुजीला मदत. ग्रामसभेत हे समजावून सांगितलं गुणाजीच्या सुनेनं, प्राप्तीनं. सासरा छाती फुगवून ऐकत होता. हात वर करा म्हटल्यावर पहिला हात त्याचाच वर गेला.

पण सकाळी बांधावर गेलं की तोच हात खाली वाकायचा.

दोन वर्षांत सगळीकडे तिवरं कमरेएवढी झाली. उघाडीजवळ मात्र वीस पावलं नुसता चिखल.

"बाबा, इथंच का हो काय जगत नाय?" प्राप्तीनं विचारलं.

"म्हस येते सदाची," गुणाजी म्हणाला आणि लगबगीनं उघाडीकडे वळला.

सदाकडे पुढचा बांध होता. माणूस इतका आळशी, की योजना यायच्या आधीपासून त्याच्या बांधापुढं तिवरांचं रान माजलेलं. प्राप्तीनं त्याला बजावलं, आणि बिचारी म्हैस गोठ्यात अडकली.

"माझी म्हस वैरण सोडून चिखलात कशाला मरायला जाईल गं?" सदा कुरकुरला. पण बांधली.

श्रावणी अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. वारा मागून लोटत होता. सदाच्या बांधापुढं लाटा तिवरांत शिरून पेंगुळल्यासारख्या होत होत्या. उघाडीजवळ त्यांना अडवायला काहीच नव्हतं. गुणाजीच्या डोळ्यांदेखत माती ढासळली, बांधाला भगदाड पडून खांड गेली, आणि खारं पाणी बांधालगतच्या मोरूच्या लावणी झालेल्या शेतात घुसलं.

हाळी गेली. घरटी एक माणूस फावडं घेऊन धावलं, तशी रीतच आहे. पाणी फिरेपर्यंत सगळे उभे राहिले. आणखी एक रीत आहे. खांड कुणाच्या चुकीनं गेली असेल, तर बुजवताना पहिलं ढेकूळ त्याने उचलायचं. चूक कुणाची नसली तर वयानं मोठा असेल तो उचलतो.

सगळ्यांत मोठा तुकाराम पुढं झाला. गुणाजीनं त्याचा दंड धरला.

"थांब तात्या. माझं हाय ते."

"तुझं कसं? उधाण काय तू आणलंस?"

गुणाजी चिखलात उतरला. दोन्ही हातांनी ढेकूळ उचललं. वर प्राप्ती उभी होती, तिच्याकडे त्याला बघवेना.

"सदा," तो खाली बघतच म्हणाला, "म्हस सोड तुझी. कोंब मी उपटत व्हतो."

मग सदा म्हणाला, "एकतीस वर्षं मला आळशी म्हणतोस. बघ, माझा बांध झोपून उभा हाय!" लोक हसले. मोरूला मात्र हसू आलं नाही. गुणाजीनं आपलं राखून ठेवलेलं भाताच्या रोपांचं आवण त्याला दिलं आणि पुढं पाऊस पडून खार धुतल्यावर स्वतः वाकून त्याच्या शेतात पुन्हा लावणी करून दिली.

खांड बुजवली त्या रात्री घरी प्राप्तीनं नेहमीसारखं ताट वाढलं, भाकरी तव्यावरून थेट दिली. ते त्याला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो दारात तिची वाट बघत उभा होता.

"चल गं माझ्यासंगं बांधावर."

"मी कशाला, बाबा?"

"नवे कोंब येतील आता. मला माझ्या हातांचा भरवसा नाय."

प्राप्तीनं पदर खोचला आणि ती पुढं झाली. तो मागून निघाला.