बिनवासाचा साबण

बाळाला आजीनं पायांवर घेऊन तेल लावायचं आणि आंघोळ घालायची, ही रीत माझ्या माहेरी, मूळच्या साताऱ्याकडच्या माणसांत आहे तशीच सासरी सारसोळ्यातही आहे. दोन्ही घरांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावरही नाही, आणि आमच्याकडे नेमकी तीच गोष्ट होईना. मुलगी संक्रांतीच्या सुमारास झाली. माझी आई कोपरखैरण्याहून येऊन राहिली होती, ती बारसं उरकून परत गेली. पुढची मालीश सासूबाई करतील, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. त्यांनी मात्र मालीशवाली बाई शोधायला सांगितलं.

सासूबाई नेरूळच्या बाजारात मासे विकतात. राहतात सारसोळे गावातल्या जुन्या घरात, आमच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर. रोज संध्याकाळी त्या यायच्या, पाळण्यावर वाकायच्या, नातीशी तासभर गप्पा मारायच्या, पण हात पाठीमागे बांधून. मी बाळ पुढे केलं की त्या मागे सरायच्या. फारच आग्रह केला तर जाड गोधडीत गुंडाळून दे म्हणायच्या. मग त्या गोधडीला धरून बसायच्या. बाळ आत कुठंतरी असायचं.

कारण विचारलं तर हात दाखवायच्या. हात खरंच वाईट झाले होते. बर्फात आणि मिठाच्या पाण्यात दिवस काढलेले, कोळंबी सोलून बोटांची टोकं सोललेली, तळव्यांना आडव्या चिरा. साडीचा पदर सारखा केला तरी कापडाचे धागे त्या चिरांत अडकायचे. मी नवऱ्याकडे विषय काढला. तो द्रोणागिरीच्या एका गोदामातून दमून आलेला. म्हणाला, आईचं असंच असतं, तू टेन्शन घेऊ नको. हे वाक्य ऐकलं की माझं टेन्शन दुप्पट होतं, हे त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. आधी बाजारातली मलमं आणली. सासूबाईंनी एक दिवस लावलं आणि परत केलं, कारण हात तेलकट झाले की सुरमईही सुटते आणि कोयताही. म्हणजे धंद्याच्या वेळी हाताला काही लावायची सोय नव्हती. राहिलं ते हात धुणं. त्या कपडे धुवायच्या साबणानं हात धुतात हे मला ठाऊक होतं. तेव्हा साबणच बदलायचा, असं मी ठरवलं.

फोनवर बघून घरीच करायला घेतला. बिनवासाची साधी पांढरी वडी किसणीवर किसली, गरम पाण्यात विरघळवली, त्यात ग्लिसरीन आणि थोडं खोबरेल घातलं. बाल्कनीतल्या कोरफडीचा गर काढून गाळून घातला. पहिल्या खेपेला पाण्याचं प्रमाण चुकलं आणि सकाळी बघते तर त्याला, जास्त शिजलेल्या भेंडीला सुटते तशी, तार सुटायला लागली होती. नवऱ्यानं बाटली उलटी करून बघितली, साबण बाहेर यायला तयार नव्हता. त्यानं विचारलं, हा धुवायचा आहे की वाढायचा. दुसऱ्या खेपेला पाणी वाढवलं, गार झाल्यावर ताकाची रवी घालून घुसळलं, आणि छान दुधासारखा साबण झाला. फेस बेताचा. हात धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटत नव्हती. वास मुद्दाम काही घातला नाही, कारण बाळाच्या नाकाशी सुगंध नको. कोरफड टिकत नाही म्हणून थोडा थोडाच करायचे आणि दर आठवड्याला ताजी बाटली सासूबाईंच्या पिशवीत टाकायचे.

त्या मुकाट्यानं न्यायच्या. बाटली रिकामी परत यायची. हात मात्र होते तसेच, उलट वाईट. अंगठ्याच्या मुळाशी एक चीर इतकी खोल गेली होती की आतलं लाल दिसायचं. मी कोरफड वाढवली, ग्लिसरीन वाढवलं, माझा रागही वाढत होता. मालीशवाली येत होती, पोरगी तिच्या हातात बेंबीच्या देठापासून रडत होती, आणि तिची सख्खी आजी भिंतीला टेकून, हात पाठीमागे घेऊन बघत होती. मला ते बघवायचं नाही.

एका दुपारी आमच्याकडची लाईट गेली. बाळ घामानं किरकिरायला लागलं म्हणून तिला घेऊन मी न सांगता गावातल्या घरी गेले. पुढचं दार उघडंच होतं. सासूबाई नुकत्याच बाजारातून आल्या होत्या आणि मागच्या मोरीत बसल्या होत्या. कट्ट्यावर माझी बाटली होती. त्यांनी आधी माझ्या साबणानं हात धुतले, अगदी मी सांगितलं होतं तसे, बोटांच्या मधूनसुद्धा. मग अर्धं लिंबू घेतलं, त्यावर जाडं मीठ टाकलं आणि तळव्यांवर घासायला लागल्या. चिरांवरून. मग काथ्याच्या चोथ्यानं. दातांवर दात दाबलेले, डोळ्यांतून पाणी. हात नाकाशी नेऊन हुंगले आणि पुन्हा लिंबू उचललं.

मी हाक मारली तेव्हा त्या दचकल्या. मी विचारलं की हे काय चाललंय, तर पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुजा साबन चांगला हाय. पन त्याला वास नाय गो. आपला वास ऱ्हातो."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. बारशाच्या दिवशी त्या बाळाला घ्यायला पुढं झाल्या, तेव्हा माझी आई म्हणाली होती, हात धुऊन घ्या हं विहीणबाई. मी तिथंच होते, माझ्या लक्षातही नव्हतं. माझी आई हे प्रत्येकाला म्हणते. मार्केटात दिवसभर कांद्याची पोती उचलून आलेल्या माझ्या वडिलांना तर तिनं दारातूनच नळावर पिटाळलं होतं. मी हे सांगितलं. सासूबाईंना ते आधीच ठाऊक होतं, माझ्या आईवर त्यांचा रागही नव्हता. ती बरोबरच बोलली, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हात हुंगले आणि तेव्हापासून रोज हे लिंबू-मीठ सुरू झालं. नातीच्या अंगाला मासळीचा वास लागला तर सोसायटीतली माणसं तिला नावं ठेवतील, ही भीती. आणि घासून घासून हात सोलले, तेव्हा दुसरी भीती, की असले हात तिला ओरखडतील.

त्यावर त्यांनी उपायही ठरवून ठेवला होता. पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते, तेव्हा त्या घरी असतात. "बंदी लागली का हात बरं होतान. वास बी जातो. मंग घेईन तिला, रोज घेईन."

दरवर्षी बंदीची वाट बघणारी माणसं मी पाहिली होती, जाळी दुरुस्त करायला, लग्नं काढायला. नातीला हात लावण्यासाठी वाट बघणारी या एकट्याच. मला राग आला होता, कोणावर ते मलाच कळत नव्हतं. मी म्हणाले, "आई, बंदी लागेपर्यंत ती पालथी पडून सरकायला लागेल. पायांवर ठरणारसुद्धा नाही."

चार पोरं वाढवलेल्या बाईला हे मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी तांब्यानं हातांवरचं मीठ धुतलं. मग म्हणाल्या, "ठावं हाय मना. तवा नुसती उचलीन."

मला तिथंच रडू आलं. मोरीच्या पायरीवर बाळाला घेऊन मी रडले आणि रडतच त्यांना सांगितलं की वास राहू दे. तुमचा मुलगा त्याच वासात वाढला, तो मला चालला, मग त्याची पोर काय आभाळातून पडली आहे. लिंबू मी कचऱ्यात टाकलं. मिठाचा डबाही घेऊन जाणार होते, पण त्यांनी तो ओढून घेतला, कारण कालवणात मीठ लागतं.

त्यानंतर नुसता माझा साबण आणि झोपताना खोबरेल. शिमग्याच्या आधी चिरा मिटल्या. हात मऊ झाले नाहीत, ते कधी होणारही नाहीत, पण कापड अडकायचं थांबलं. वासही होता, हलका, जवळ गेल्यावर कळणारा.

सोमवारी बाजार थंड असतो. अशा एका सोमवारी सकाळी त्या आल्या, बाथरूममध्ये पाट टाकला, लुगडं गुडघ्यावर घेतलं आणि पाय लांब केले. मी बाळाला उघडीच त्यांच्या पायांवर ठेवली. त्यांनी तळव्यावर तेल घेतलं, बराच वेळ चोळत राहिल्या, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीनं भोंगा पसरला. सासूबाईंनी चटका बसल्यासारखे हात उचलले आणि माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं की ती सगळ्यांच्याच हातात रडते.

त्यांनी पुन्हा तिच्याकडे बघितलं, ते हात खाली आणले आणि या वेळी उचलले नाहीत. "रड गो बाय, रड," त्या म्हणाल्या. "आजी हाय तुजी. जात नाय कुटं."