पहिल्या ओळीतलं श्री

आज घरातल्या कॉम्प्युटरवर आलं: पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आणि तिची आलेख काढणारी लायब्ररी, मॅटप्लॉटलिब. किंमत शून्य, मोबाइलचा दिवसाचा डेटा मात्र संपला.

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणतात, पाणी पूर्वीइतकंच येतं. नळ किती मिनिटं चालतो ते मी रोज कॅलेंडरवर लिहिते. आज संध्याकाळच्या सभेत त्याचा आलेख दाखवायचा होता.

लेकीने, सायलीने, लिहून दिलेला प्रोग्राम टाइप केला. चालवला की चूक दाखवणारी लाल अक्षरं. लायब्ररी नीट बसली नसेल म्हणून तीनदा काढून पुन्हा टाकली. तरी तेच.

सायली कॉलेजातून आली आणि हसत सुटली. "लायब्ररी ठीक आहे गं आई. वर ॥ श्री ॥ कशाला लिहिलंस?"

"कोरं पान श्रीशिवाय सुरू करतात का?"

तिने श्रीच्या आधी # टाकलं. "आता पायथन ही ओळ सोडून देईल."

"तो वाचणार नाही, मग ती कोणासाठी?"

"माणसांसाठी."

आलेख आला. रेघ महिन्यागणिक खाली उतरलेली.

मी # टाकून आणखी एक ओळ लिहिली: मिनिटं मी स्वतः घड्याळ लावून मोजली आहेत.

ग्रुपवरच्या भिवंडीतल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे नळ किती मिनिटं चालतो? संध्याकाळच्या सभेआधी इथेच कळवा.