कोऱ्या कागदावरचा अंगठा

मी आज जो काही आहे, तो चंद्रपूरच्या वकीलबाईंमुळे. त्या गोरगरिबांच्या नागरी हक्कांसाठी लढायच्या. मूलजवळच्या आमच्या गावात आजोबा अंगठा लावत, बाबाही अंगठाच लावत. बाईंनी मला घरी ठेवून बी.ए. केले आणि जंगलातल्या लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे लिहायला सोबत नेले. त्यांचा एक नियम होता. कागद मोठ्याने वाचायचा, ज्याचा कागद त्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, मगच शाईचा पॅड उघडायचा. एकदा मी घाईत पॅड आधी उघडला, तर म्हणाल्या, "लय शिकला का रे तू? झाक ते."

त्यांच्या आयुष्यावर टीव्हीसाठी चित्रपट निघाला, तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. चित्रीकरण भामरागडकडच्या एका गावात होते. मला कामापुरती तिथली माडिया बोली येते, म्हणून मंडळींनी मला नेले. निघताना बाई म्हणाल्या, "माह्या नावानं तिथी कोणाले फसवू नको."

शेवटच्या दिवशी अंगठ्याचा प्रसंग होता. आभाळ भरून आले होते. नदी चढली की आमची जीप गावातच अडकणार होती. गावातल्या एका म्हाताऱ्या भाऊंना घोंगडीवर बसवले. बाईंचे काम करणारी नटी समोर बसली. तिने पॅड उघडला, कागद पुढे सरकवला. कागद कोरा होता.

भाऊंनी हात मागे घेतला. "वाच."

"भाऊ, नुसतं नाटक आहे. लावा," मी म्हणालो.

"नाटकाचा अंगठा अलग रायते का?"

मागे कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. याच भाऊंनी पूर्वी एका कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. त्यावर पुढे काय लिहिले गेले, ते त्यांना कोर्टात कळले. त्याच कागदापायी त्यांचा मुलगा दोन वर्षे तुरुंगात होता. खटला बाईंनी लढवला, कागद मी लिहिले. हे सगळे मला ठाऊक होते, तरी मी लावा म्हणालो.

गावातली माणसे एकेक करून उठली आणि आमच्याभोवती उभी राहिली. कोणी ओरडत नव्हते. दिग्दर्शक माझ्या कानाशी लागला, "दादा, समजवा ना त्यांना. उजेड चाललाय."

मी पॅड झाकला. कागद मांडीवर घेऊन लिहिले : 'हा अंगठा फक्त चित्रपटासाठी आहे. दुसऱ्या कुठल्याही कामाला तो चालणार नाही.' मोठ्याने वाचले, माडियात सांगितले. भाऊंचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. त्यांनी सातवी शिकलेल्या सुनेला हाक मारली. तिने पुन्हा वाचले. मग भाऊंनी सगळे आपल्या शब्दांत सांगितले, काहीही न गाळता. आणि पॅड माझ्याकडे ढकलला.

"कागद बरोबर आहे. पण नाटक तुमचं. तूच लाव."

आमच्या गावी परत आल्यावर तिथूनच बाईंना पत्र टाकले :

'आदरणीय बाई,
चित्रपटात अंगठ्याच्या वेळी फक्त हात दिसेल. तो भाऊंचा नाही, माझा आहे. मी त्यांना कोऱ्या कागदावर लावा म्हणालो होतो, तेही तुमच्या चित्रपटासाठी. त्यांनी लावला नाही. शाई दोन दिवस नखात राहिली. गावी बाबांनी बघितली आणि विचारले, "काऊन रे, तुले तं सही येते ना?" त्यांना खरे ते सांगितले, आता तुम्हाला सांगतो. तो कागद सोबत पाठवला आहे. कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.'