नववी कॅप्सूल

आमच्या घरी दोन स्वयंपाकघरं आहेत, आईचं आणि काकूचं. औषधांचं कपाट मात्र एकच आहे, मधल्या खोलीत. बाबांच्या बीपीच्या गोळ्या, काकूचं खोकल्याचं औषध, तापाच्या गोळ्या, सगळं त्यातच. माझं औषधही मी तिथेच ठेवलं होतं, पण व्हिटॅमिनच्या जुन्या बाटलीत भरून.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा नसांवरच्या आवरणावर उठते. माझ्या प्रकारात हा आजार झटक्यांनी येतो. आधी एका डोळ्यापुढे धूसर पडदा आला. तो गेल्यावर काही महिन्यांनी डावा पाय जड झाला, मग तोही बरा झाला. आता पुढचा झटका येऊ नये म्हणून रोज एक कॅप्सूल घ्यायची. हे ब्रह्मपुरीत आई-बाबांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या लग्नाचं बोलणं अधूनमधून निघायचं, म्हणून आईने गप्प राहायचं ठरवलं होतं. मला गप्प राहायला वेगळं सांगावं लागत नाही.

पहिली कॅप्सूल नागपूरला दवाखान्यात घेतली. या औषधाने सुरुवातीला हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून सहा तास पलंगावर बसवून दर तासाला नाडी आणि रक्तदाब तपासला. निघताना डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. पहिले दोन आठवडे एकही दिवस चुकवायचा नाही. चुकलाच तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करायचं नाही, फोन करायचा, कारण ते सहा तास पुन्हा पहिल्यापासून करावे लागतील. आणि या औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून कांजण्या आलेल्या माणसापासून लांब राहायचं. मला लहानपणी कांजण्या आल्या नव्हत्या. रक्त तपासून त्यांनी आधी लस दिली होती आणि महिनाभर थांबूनच औषध सुरू केलं होतं, तरीही लांब राहायचं. औषधाचं इंग्रजी पत्रक मी तीनदा वाचलं होतं. त्यातलं एक अक्षरही कुणाला वाचून दाखवलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले तर मधल्या खोलीतलं कपाट रिकामं होतं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलेला. काकूच्या तीन वर्षांच्या नातीच्या अंगावर पुरळ उठलं होतं. आमच्याकडे त्याला कांजण्या म्हणत नाहीत, माता आली म्हणतात. माता घरी असते तेवढे दिवस फोडणी नाही, मटण नाही आणि अंगणात औषध नाही. काकूने सगळी औषधं पिठाच्या डब्यात भरून रस्त्यापलीकडच्या नर्सबाईंकडे दिली होती. त्या बौद्ध कुटुंबातल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे माता पाळत नाहीत, म्हणून आमचा डबा दर वेळी त्यांच्याकडेच जातो. बाबांना काकू दर वेळी सांगते, गोळी लागली की तिकडे जाऊन घ्यायची. मला सांगायचं काही कारणच नव्हतं.

आई-बाबा आदल्या दिवसापासून आरमोरीला लग्नात होते. त्यांचा फोन लागेना. माझी कॅप्सूलची वेळ आठची, आणि आठ वाजून गेले होते. कपाट पाहून मला फक्त चुकणारा दिवस दिसत होता. आत झोपलेल्या पोरीला आदल्या संध्याकाळी मी मांडीवर घेतलं होतं, हे मनात आलंच नाही.

काकू नातीचं अंग कडुलिंबाच्या पाण्याने पुसून बाहेर आली. मी दारात उभी.

"काऊन उभी हायेस वं अशी? भूक लागली का?"

"काकू, माझी बाटली त्या डब्यात गेली का?"

"ते व्हिटॅमिन? गेली. पाच दिवस व्हिटॅमिन नाई खाल्लं तं मरत नाई कोणी. कॉन्व्हेंटवाल्यायले लय घाई."

मी तिथून निघून जाऊ शकले असते. गुपचूप पलीकडे जाऊन बाटली मागता आली असती. पण नर्सबाई ती उघडून बघतील, विचारतील, आणि रस्त्यावर आमच्या घराबद्दल मी एक सांगितलेलं आणि काकूने दुसरंच, असं होईल, हे दिसत होतं. मी खाली फरशीकडे बघत बोलले. आजाराचं नाव सांगितलं, डोळा सांगितला, पाय सांगितला. बाटलीत व्हिटॅमिन नाही, हेही सांगितलं.

माझं संपल्यावर काकूने विचारलं, "आज नाई घेतली तं?"

"पुन्हा नागपूर. पहिल्यापासून. आणि खंड पडला तर झटका येऊ शकतो."

"डॉक्टरनं अजून काय सांगतलं?"

"कांजण्यांपासून लांब राहायचं."

काकू झटक्यात दोन पावलं मागे सरकली, पाठ भिंतीला लागेपर्यंत. मला वाटलं, हेच ते, यासाठीच आई गप्प बस म्हणत होती.

"अवं, मंग माह्या अंगाशी काऊन उभी हायेस?" ती म्हणाली. "आत्ता पोरीचं अंग पुसून आली मी. हो बाहेर आधी. तुह्या आईले अक्कल नाई, तुले तं त्याहून नाई."

मी बाहेर झाले. मला वाटलं, आता ती देवाकडे बघेल, काही नवस बोलेल. काकू सातवीपर्यंत शिकलेली, मातेचा नेम मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. तिने तो त्या दिवशीही मोडला नाही.

"मातेचा नेम ह्या अंगणाचा हाये," ती आतूनच म्हणाली. "रस्त्यापलीकडचा नाई. तू तिथी जा अन् तिथीच राहा. गोळी तिथी खा, भाकर तिथी खा. मी सांगतो त्या बाईले."

आणि तिने दारातूनच आवाज दिला. "बाई, आमची पोरगी धाडून राह्यली तुमच्याकडं. तिले माता निघाली नाई कधी. ठेवून घ्या."

एवढंच. आजाराचं नाव त्या रस्त्यावर आलं नाही.

साडेआठच्या आत मी नर्सबाईंच्या ओसरीवर कॅप्सूल गिळली. त्यांनी बाटली हातात फिरवून पाहिली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "औषध ज्याच्या त्याच्या पाकिटात राहू द्याचं असते, बाई. उद्या कोणी व्हिटॅमिन समजून पोराले चारलं असतं तं?" नंतर त्यांनीच मला नागपूरला फोन लावायला बसवलं. आदल्या दिवशी पोरीला मांडीवर घेतलं होतं हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, औषध चालू ठेव, त्या घरापासून लांब राहा, आणि ताप किंवा एक जरी फोड दिसला तर लगेच कळव, वाट बघत बसू नकोस.

तिथून पुढे रोज आठला काकू आमच्या फाटकाशी यायची, रस्ता न ओलांडता.

"घेतली का?"

"घेतली."

"ताप?"

"नाही."

मग ती आत जायची. तिच्या घरात तापाने कुरकुरणारी नात, दोन चुलींचं फोडणीशिवायचं जेवण, आरमोरीहून परतलेल्या आईची रडारड, हे सगळं चालू होतं. आईशी ती या लपवाछपवीवरून नक्की भांडली, कारण दुसऱ्या दिवसापासून आई माझ्याशी फोनवर हळू आवाजात बोलेनाशी झाली, नेहमीच्या आवाजात बोलू लागली. काकूने मात्र मला इतके दिवस का लपवलंस असं विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

सहाव्या दिवशी काकूने मातेची पाठवणी केली, दहीभात दाखवला, आणि डबा न्यायला रस्ता ओलांडून आली. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, तरी ओसरीच्या खालीच थांबली. मीही पिशवी भरून तयार होते.

"आजची चौदावी ना?" तिने विचारलं. मी तिला किती झाल्या ते त्या पहिल्या सकाळीच काय ते बोलले असेन.

"हो."

"मंग एक घोर गेला." तिने नर्सबाईंकडून डबा घेतला, त्यातून माझी बाटली काढून पायरीवर ठेवली. "डबा नेतो मी. तू नाई. खपल्या वाळल्या नाई अजून पोरीच्या."

मी पिशवी पुन्हा आत ठेवली.