ॲल्रॉयचा सत्कार, एरॉलची पोटदुखी

सांडोर गावच्या एरॉलला त्या संध्याकाळी एकच गोष्ट हवी होती. सत्काराच्या भाषणात ॲल्रॉयने माईकवर त्याचं नाव घ्यावं. बस्स! कडक इस्त्रीचा शर्ट घालून, सेंटचे दोन फवारे मारून स्वारी पहिल्या रांगेत बसली होती. शेजारी म्हातारी आई, फ्लोरा.

हक्कच होता की त्याचा! गावात पहिला स्केटबोर्ड आणला कोणी? एरॉलने, कुवेतच्या मामाकडून. शेजारचा ॲल्रॉय तेव्हा शेंबडा, "एक राउंड दे ना रे" करत मागे फिरायचा. मग दहावीच्या वर्षी फ्लोराने रडून घर डोक्यावर घेतलं, एरॉलचा खेळ बंद पाडला आणि बोर्ड ॲल्रॉयला देऊन टाकला. एरॉल गेला बँकेत. आणि हा पठ्ठ्या? गावच्या क्रुसाच्या ओट्यावरून बोर्डवर उड्या मारता मारता थेट परदेशी स्केटबोर्ड कंपनीच्या करारापर्यंत पोचला. आता गावी परतून पोरांना शिकवतो. एरॉलची लेक एलिसासुद्धा त्याचीच शिष्या! तिच्या खोलीत फोटो कोणाचा, बापाचा? छे, ॲल्रॉयचा. एरॉलचा नुसता जळफळाट व्हायचा.

ॲल्रॉय माईकसमोर आला. "माझा खेळ एका माणसामुळे उभा राहिला," तो म्हणाला. एरॉलने कॉलर नीट केली, खुर्चीतून अर्धा उठलासुद्धा.

"फ्लोरा आंटी!"

आता बोला! एरॉल मटकन खाली बसला.

"ओट्याच्या कडेवरून बोर्ड सरकवायचा तर कडेला मेण घासावं लागतं," ॲल्रॉय सांगत होता. "मे महिन्यात क्रुसापुढे रोझरीची प्रार्थना संपली की आंटी मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करायच्या. माझ्या हातात कोंबून म्हणायच्या, जा, घास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फ्लोरा लाजून पदराआड हसली. एरॉलच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी गेली ती गेली, सख्खी आईसुद्धा त्याच्याच पार्टीत?

"मम्मी, माझा खेळ बंद केलास आणि त्याला मेण पुरवलंस?" तो दात खात कुजबुजला.

"मग काय करू? खेळ बघायला मलाही आवडायचा."

"मग मला का नाही खेळू दिलंस?"

"तू पडलास की माझा जीव खाली-वर व्हायचा, बाबा," फ्लोरा शांतपणे म्हणाली. "तो पडला की त्याच्या आईचा."

समोर ॲल्रॉय आपल्या आईचा हात धरून स्टेजच्या पायऱ्या उतरत होता. खेळात कितीदा तरी मोडलेला त्याचा गुडघा, दर पायरीला तो कळवळत होता.

"बघ," फ्लोराने लेकाच्या मांडीवर थोपटलं. "तुझ्या पायाला साधा ओरखडा नाही."

एरॉलने आपल्या धडधाकट पायांकडे पाहिलं. आणि मेल्याला त्या मोडक्या गुडघ्याचाही हेवा वाटला.