हिंगण्याची नणंद

दुसरीच्या पोटावर बोट ठेवून ती सांगायची, “हे इथं. इथं दुखते तिले.” आणि जिचं पोट, ती बाई पदराचं टोक चावत खाली बघत बसायची.

लकडगंजमधल्या माझ्या दवाखान्यात ती सारखी कोणाला ना कोणाला घेऊन यायची. इतवारीतल्या एका गोदामात ती डाळ निवडायला जायची, तिथल्याच या बाया. दिवसभर बसून काम, बायांसाठी संडास नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. मग लघवीला जळजळ. सकाळी उपाशीपोटी नुसता चहा, मग पित्त. कोणाच्या अंगावरून पांढरं जायचं, कोणाची पाळी थांबता थांबायची नाही. सांगायची मात्र हीच.

“तिला बोलू द्या की!” मी खेकसायची. तुम्हीच सांगा, रोग एकीचा आणि तोंड दुसरीचं, असा कुठे दवाखाना चालतो का?

“तिले बोलता येत नाही ना मॅडम, मी सांगते.” मग त्या बाईकडे वळून, “काहून लाजून राहिली वं? मॅडमले का पोट नाही काय?”

हसायचं नाही असं ठरवूनही मला हसू यायचं. खरं सांगते, तिच्यावाचून या बाया माझ्यापर्यंत पोचल्याच नसत्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती पहिल्यांदा एकटी आली. “हिंगण्याले माझी नणंद राहते. तिचं पोट फुगते. दोन घास खाल्ले की बस्स. गॅसची गोळी द्या.”

“वय काय?”

“माझ्याएवढीच. पाळी जाऊन लय वर्षं झाली.” मग आवाज खाली गेला. “आता थोडं थोडं पुन्हा दिसते म्हणते.”

पाळी गेल्यावर रक्त दिसलं की मी कधीच स्वस्थ बसत नाही, त्यात हे फुगलेलं पोट. “गोळीबिळी मिळणार नाही,” मी म्हटलं. “नणंदेला उद्याच घेऊन या.”

“आणते, आणते.” पुढच्या आठवड्यात आली ती एकटीच. नणंदेच्या घरी लग्न होतं म्हणे. त्यानंतर नणंदेचा पाय मुरगळला. मी आधी वैतागले, मग घाबरले. कोण कुठली नणंद, पण रोज सकाळी उठल्याबरोबर तीच डोक्यात.

शेवटी रागानंच विचारलं, “फुगतं म्हणजे नेमकं कुठं?”

“हे इथं,” ती म्हणाली आणि सवयीनं बोट ठेवलं. शेजारी दुसरी कोणी नव्हती, म्हणून ते तिच्याच पोटावर टेकलं. तिनं ते काढलंही नाही. तिच्या ब्लाउजच्या बाह्या किती सैल झाल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं.

मी उठून दार लावलं. “मावशी, नणंदेला तिथं झोपवा. मी हात लावून बघते.”

तिनं बंद दाराकडे बघितलं. मग चपला काढून टेबलावर चढली. “घ्या, आली तुमची नणंद,” म्हणाली आणि पदर तोंडात धरला. पोट हाताला घट्ट लागलं. तपासण्या झाल्या आणि मला जी भीती होती, तीच खरी ठरली, कॅन्सर.

मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मग लेक तिला आपल्या घरी, वर्ध्याला घेऊन गेली. मी फोन करायची, तर स्वतःचं काही सांगायचीच नाही. “आमच्या बाया येते काय तुमच्याकडे? नाही? असं कसं मॅडम?” पुढे तो फोन कोणी उचलेना. पुन्हा लावायची माझी हिंमत होईना.

परवा गोदामातली एक बाई आली, एकटीच. पूर्वी मावशीसोबत यायची, पण माझ्यासमोर तोंड कधी उघडलं नव्हतं.

“कोणासाठी आलीस?”

“माझ्यासाठीच.” तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. “मावशीनं फोनवर सांगतलं होतं, नणंदेले घरी ठेवजो आन् तू जाय.”

“कशी आहे मावशी?”

तिला रडू फुटलं. “महिना झाला मावशीले जाऊन. मले यायलेच उशीर झाला मॅडम.”

तिला रागवावं की जवळ घ्यावं, मला कळेना. डोळे भरून आले होते, ते तसेच राहू दिले. “कुठं दुखतं?” मी विचारलं.

तिनं इकडेतिकडे बघितलं. मग स्वतःचं बोट उचललं आणि स्वतःच्या पोटावर ठेवलं. “हे इथं,” ती म्हणाली.